साखरेचे बेट
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



गोष्टीच्या पुस्तकांत एक बेट नेहमी भेटते. टेकडीवर श्रीमंतांचे वाडे, खाली गरिबांच्या झोपड्या आणि मध्ये एक भिंत. अशी कल्पित गोष्ट ऐकायला बरी वाटते, कारण तिथे आपल्या ओळखीचे कोणी राहत नाही. म्हणून आज मी कल्पित बेट बाजूला ठेवून एका खऱ्या बेटाविषयी बोलणार आहे. ते बेट म्हणजे हिंदी महासागरातील मॉरिशस. तिथे आपली मराठी माणसे आहेत. गणेश चतुर्थीला त्या देशात सरकारी सुट्टी असते.

मॉरिशस आपल्या वाशिम जिल्ह्याच्या निम्म्याहूनही लहान आहे. माणसे मात्र जवळजवळ तितकीच. २०११ च्या गणतीत आपल्याकडे सुमारे १२ लाख लोक होते आणि त्याच वर्षी त्या देशातही सुमारे तेवढेच. एवढ्याशा भूमीवर साखरेने दोन जगे उभी केली.

ऊसमळे फ्रेंच जमीनदारांचे होते. १८१० मध्ये बेट इंग्रजांनी जिंकले, तरी मळे त्यांच्याचकडे राहिले. राबणारे होते आफ्रिका व मादागास्करहून आणलेले गुलाम. १८३५ मध्ये गुलामगिरी बंद झाली, तेव्हा नुकसानभरपाई मिळाली ती मालकांना. ज्यांचे आयुष्य गेले त्यांच्या हाती काहीही पडले नाही. मग उसाला हात हवे, म्हणून हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेण्यास १८३४ पासूनच सुरुवात झाली होती. पुढच्या सत्तर-पंच्याहत्तर वर्षांत सुमारे साडेचार लाख माणसे त्या बेटावर उतरली. कोणी कलकत्त्याहून, कोणी मद्रासहून, तर कोणी मुंबई बंदरातून गेले. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरीकडची कुटुंबे पुष्कळ होती. पोर्ट लुई बंदरात ती जिथे उतरत, तो आप्रवासी घाट २००६ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्य झाला.

करार पाच वर्षांचा आणि पुरुषाला महिना पाच रुपये. कागदावर अंगठा उठवला की माणसाला क्रमांक मिळे. त्यातही एक जाच फार मोठा होता. एक दिवस कामावर गेले नाही, तर पगार दोन दिवसांचा कापला जाई. म्हणजे तापाने फणफणलेली माणसे महिनाअखेर मालकाचीच देणेकरी होत. मोठ्या घराच्या ओसरीवर हिशेबाची वही असे; मजुरांच्या वस्तीत ती वाचता येणारे कोणी नसे. भगिनींनो, भिंत म्हणतात ती हीच. दगडमातीची भिंत चढून तरी जाता येते, पण न वाचता येणारी वही ओलांडून जाता येत नाही.

ही भिंत हलली कशी? माणसे आधी लढली. सप्टेंबर १९४३ मध्ये बेल व्ह्यू अरेल या मळ्यावर मजुरांनी संप केला. पोलिसांनी गोळी चालवली. त्यात अंजले कूपन ही गरोदर मजूर स्त्री मृत्युमुखी पडली. आज तिच्या नावाचे मोठे क्रीडांगण त्या देशात आहे.

दुसरी गोष्ट त्याहून शांतपणे झाली. १९४७ पर्यंत मत देण्याचा हक्क जवळ मालमत्ता असणाऱ्यांचा होता. त्या वर्षीच्या नव्या घटनेने असे ठरवले की, बेटावर बोलल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत साधे लिहिता-वाचता येणाऱ्या प्रौढ स्त्रीपुरुषांना मत देता येईल. वरच्या थरातील पुष्कळांना वाटले, मळ्यातल्या माणसांना हे कुठले जमणार! परंतु गावोगाव बैठका होत्या. बैठका म्हणजे मजुरांनी आपल्या पैशाने चालवलेल्या संध्याकाळच्या शाळा. बासदेव बिसुनदयाल आणि त्यांच्या स्वयंसेवकांनी तिथे दिव्याच्या उजेडात हजारो माणसांना नाव लिहायला शिकवले. दिवसभर ऊस तोडून आलेल्या बाया पाटी घेऊन बसल्या. आधीच्या निवडणुकीत सुमारे १२ हजार मतदार होते. १९४८ मध्ये ते ७१ हजारांहून अधिक झाले. त्याच निवडणुकीत एमिलिएन रोशकूस्त ही पहिली स्त्री निवडून आली. १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला.

सारे सुरळीत झाले असे मात्र मी म्हणणार नाही. मोठमोठे मळे अजून थोड्या घराण्यांच्या कंपन्यांकडे आहेत आणि गुलामांचे वंशज पुष्कळ ठिकाणी मागेच राहिले आहेत. २००९ मध्ये तिथे सत्य व न्याय आयोग नेमावा लागला, तो याचसाठी. तरीही ज्या वहीपुढे आजी थरथरली, ती वही नात वाचू लागली, हे खरे.

आता कोणी म्हणेल, एवढ्या दूरच्या बेटाचे आपल्याला काय? जरा आपल्या शेजारी पाहा. मराठवाड्यातून, विशेषतः बीडकडून, दर हंगामात लाखो माणसे ऊसतोडीला जातात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आधी उचल घ्यायची आणि मग फेडत राहायचे. बाईला बरे नसले आणि एक दिवस गेला, तर खाडा पडतो. त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंडही बसतो. दोन दिवसांचा पगार कापणारा तो मळेवाला कधीच गेला; त्याचा हिशेब मात्र आपल्या मुलखात अजून जिवंत आहे. आपण चहात साखर घालतो, तेव्हा हा हिशेबही ढवळत असतो.

आणि आपले स्वतःचे बेट? धुणेभांडी करणारी बाई आपल्या हळदीकुंकवाला येते, ती बहुधा मागच्या दाराने, कपबशा विसळायला. तिच्या हातावर वाण ठेवले की आपल्याला समाधान वाटते. सतरंजीवर आपल्या शेजारी ती बसली तर? हा प्रश्न मी कोणाला दोष देण्यासाठी विचारत नाही. मंडळात आपण जमतो त्या सतरंजीच्या कडेला भिंत आहे की नाही, एवढेच पाहायचे आहे.

आज सही बहुतेकींना येते. पण बँकेचे पासबुक, रेशनचा कागद, उचलीचा हिशेब, दवाखान्यातील संमतीचा फॉर्म हे सगळ्या जणींना वाचता येते का? माझी मंडळाला विनंती आहे की, येत्या वर्षी आठवड्यातून एक संध्याकाळ याच कामासाठी ठेवावी. जिला जो कागद कळत नसेल तो तिने आणावा. जिला कळतो तिने शेजारी बसून वाचून दाखवावा आणि मग तिच्याकडूनच वाचून घ्यावा. त्या संध्याकाळी येणारीकडून वर्गणी नको. चहा असेल तर तो सगळ्यांनी मिळून करावा आणि कपबशा ज्यांनी चहा घेतला त्यांनीच विसळाव्यात.

मॉरिशसच्या बैठकांना इमारती नव्हत्या. कुठे पडवी होती, कुठे झाडाखालची जागा. आपल्याकडे तर मंडळाची खोली आहे, दिवा आहे, शिकलेल्या इतक्या जणी आहेत. हे काम आपण पतकरले, तर पुढच्या वर्धापनदिनी या सतरंजीवर आज नसलेल्या पाच-दहा भगिनी बसलेल्या असतील.