पॅरामेडिकांना शिकवितो कोण?

(नभोवाणीवरील भाषण)

नवा गवई मैफलीत बसला की एखादा जाणकार त्याचा आवाज लागण्यापूर्वीच शेजाऱ्याला हळूच विचारतो, "हे कोणाचे शिष्य?" ग्वाल्हेरचे, आग्र्याचे किंवा किराण्याचे असे उत्तर मिळाले की पुढे काय ऐकावयास मिळणार याचा त्याला निम्मा अंदाज येतो. घराण्याची ही चौकशी केवळ गाण्यापुरती नाही. सुतार सुताराच्या हाताखाली घडतो, वकील जुन्या वकिलाच्या कचेरीत तयार होतो आणि डॉक्टरला शिकविणारा बहुधा डॉक्टरच असतो. परंतु एखादा व्यवसायच नव्याने जन्माला आला आणि त्याला मागची पिढीच नसली, तर त्याच्या पहिल्या विद्यार्थ्यांना कोणी शिकवावयाचे? आज मी आपल्यापुढे अशाच एका व्यवसायाविषयी बोलणार आहे. तो म्हणजे पॅरामेडिकांचा व्यवसाय.

'पॅरामेडिकल' हा शब्द आपल्याकडे प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, क्ष-किरण काढणारे, अशा अनेकांना सरसकट लावतात. त्या व्यापक अर्थाने मी तो वापरीत नाही. रुग्णवाहिकेबरोबर घरी, रस्त्यावर किंवा कारखान्यात येणारा, स्वतः डॉक्टर नसलेला, परंतु श्वास मोकळा करणे, हृदयाला विजेचा झटका देणे, शिरेतून औषध देणे या गोष्टी शास्त्रशुद्ध रीतीने शिकलेला उपचारक, तो पॅरामेडिक. आज अमेरिका, कॅनडा, इंग्लंड या देशांत त्याचे शिक्षण महाविद्यालयांतून आणि विद्यापीठांतून होते. तेथील वर्गात फळ्यापुढे उभी राहणारी माणसे कोठून येतात, हा प्रश्न वाटतो त्याहून मोठा आहे.

आरंभी परिस्थिती कशी होती ते पाहा. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने १९६६ साली अपघाती मृत्यू व अपंगत्व या विषयावर एक अहवाल प्रसिद्ध केला. त्या देशातील सुमारे निम्मी रुग्णवाहिका-सेवा त्या वेळी अंत्यविधीचा व्यवसाय करणारे लोक चालवीत, असे त्यात नमूद आहे. कारण साधे होते. माणसाला आडवे नेता येईल अशी लांब गाडी त्यांच्यापाशीच असे. अनेक शहरांत पोलिसांच्या गाडीत मागे टाकून रोग्याला नेत आणि वाटेत त्याच्यापाशी कोणी बसतही नसे. अशा व्यवसायात शिकविणारे कोठले असणार? ते बाहेरूनच यावे लागले.

ते तीन-चार दिशांनी आले. पहिले आले भूलतज्ज्ञ. हे नवल वाटण्याजोगे आहे, परंतु त्यात फार अर्थ आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी रोग्याचा श्वास स्वतःच्या हाती घेणे आणि काम झाल्यावर तो त्याला सुखरूप परत देणे, हे भूलतज्ज्ञाचे रोजचे काम. बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडून श्वासाची वाट कशी बंद होते, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक? मूळचे व्हिएन्नाचे आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले डॉ. पीटर साफार हे असेच भूलतज्ज्ञ होते. तोंडाला तोंड लावून श्वास देण्याची रीत सामान्य माणसालाही शिकविता येते, हे त्यांनी १९५७ च्या सुमारास बाल्टिमोर येथे स्वयंसेवकांवर प्रयोग करून दाखविले. पॅरामेडिकाच्या शिक्षणात आजही श्वासमार्गाला पहिला मान आहे, त्यात त्या पहिल्या गुरूंच्या घराण्याचा ठसा दिसतो.

दुसरे आले हृदयरोगतज्ज्ञ. बेलफास्टच्या डॉ. फ्रँक पॅंट्रिज यांनी १९६६ साली मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालणारे, सुमारे ७० किलो वजनाचे विजेचा झटका देणारे यंत्र रुग्णवाहिकेत चढविले. दुसऱ्या महायुद्धात सैन्याचे डॉक्टर म्हणून गेलेल्या पॅंट्रिज यांनी सिंगापूरच्या पाडावानंतर जपान्यांच्या कैदेत हाल सोसले होते. त्यांच्या गाडीवर मात्र डॉक्टर आणि परिचारिका जात. मायामीचे डॉ. यूजीन नेगल यांनी पुढचे पाऊल टाकले. हेही भूलतज्ज्ञ, आणि त्याहीपूर्वी विद्युत्-अभियंता. आगीच्या बंबावरील जवानांना त्यांनी शिकविले आणि रस्त्यावरील रोग्याच्या हृदयाचा आलेख बिनतारी यंत्राने रुग्णालयात पोहोचविण्याची सोय केली. शिक्षकाची जुनी विद्या नव्या विद्येत कशी उतरते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

तिसऱ्या आल्या परिचारिका. औषधाची मात्रा काटेकोर मोजणे, रोग्याच्या चेहऱ्यातला बदल वेळीच टिपणे आणि केलेल्या प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवणे, ही शिस्त त्यांनी आणली. सैन्यातून परतलेल्या वैद्यकीय मदतनिसांनी गोळीबारात जखम बांधण्याची घाई आणि धीर आणला, तर बंबवाल्यांनी संघटितपणे काम करण्याची सवय. इतकेच नव्हे, तर एक खेळणीवालाही या गुरुकुलात आला. नॉर्वेतील आस्मुंड लेर्दाल हा बाहुल्या बनविणारा कारखानदार. साफार यांच्यासारख्यांच्या सूचनेवरून त्याने १९६० साली माणसाएवढी बाहुली तयार केली. तिच्या तोंडात श्वास फुंकून आणि छाती दाबून जगभरच्या विद्यार्थ्यांनी पहिले धडे गिरविले आहेत. ती बाहुली कधी रागावत नाही आणि कधी मरत नाही, म्हणून शिक्षिका या नात्याने तिची बरोबरी करणे कोणालाही अवघडच!

आता या कथेतील मर्मस्थानाकडे वळू. साफार पुढे पिट्सबर्ग येथे गेले. १९६६ साली त्यांची अकरा वर्षांची कन्या दम्याच्या झटक्याने दगावली. ज्याने जगाला श्वास द्यावयास शिकविले त्याच्याच घरी हे घडले. रुग्णालयापर्यंतची वाट हीच रोग्याची सर्वांत निराधार जागा आहे, हे त्यांना आता कोणी सांगावयास नको होते. १९६७ साली त्या शहरातील 'हिल' नावाच्या गरीब, कृष्णवर्णीय वस्तीत 'फ्रीडम हाउस' नावाची रुग्णवाहिका-सेवा उभी राहू लागली आणि तिच्या माणसांना शिकविण्याचे काम साफार यांनी पत्करले. विद्यार्थी कोण, तर त्या वस्तीतील बेकार तरुण. काही व्हिएतनामच्या युद्धातून परतलेले, काहींचे शालेय शिक्षणही पुरे न झालेले. त्यांना सुमारे ३०० तासांचा अभ्यासक्रम देण्यात आला. शरीररचना, श्वसन, हृदय, जखमा, गाडी चालविणे, सारे काही. लोक ज्यांना नोकरीलाही अपात्र समजत, त्याच तरुणांनी पुढे अशी सेवा दिली की तिची ख्याती देशभर झाली.

१९७४ साली डॉ. नॅन्सी कॅरोलाइन या तिशीतील डॉक्टरीणबाई त्या सेवेच्या वैद्यकीय प्रमुख झाल्या. त्यांनी केवळ वर्गात शिकविले नाही. त्या रात्री-अपरात्री त्या तरुणांबरोबर रुग्णवाहिकेत बसून वस्तीत गेल्या. अरुंद जिन्यातून स्ट्रेचर कसे वळते, हातविजेरीच्या उजेडात शीर कशी सापडते, आजूबाजूला नातेवाईक आक्रोश करीत असता मन थाऱ्यावर कसे ठेवावयाचे, हे त्यांना कोणत्याही वैद्यकीय महाविद्यालयाने शिकविलेले नव्हते. ते शिष्यांकडून शिकूनच त्यांनी शिष्यांना शिकविले. अमेरिकन सरकारने पॅरामेडिकांचा राष्ट्रीय अभ्यासक्रम रचण्याचे काम त्यांच्याकडे सोपविले, तेव्हा त्याची कसोटी याच तरुणांवर घेण्यात आली. कॅरोलाइन यांचे या विषयावरील पाठ्यपुस्तक १९७९ साली निघाले आणि त्या २००२ साली निवर्तल्या, तरी त्यांच्या नावाने त्याच्या नव्या आवृत्त्या निघत राहिल्या.

आणि त्या तरुणांचे काय झाले? व्यवसाय घडविणारी ही पहिली पिढी खरे म्हणजे देशभरच्या महाविद्यालयांत गुरुस्थानी बसावयास हवी होती. १९७५ साली नगरपालिकेने स्वतःची सेवा सुरू केली आणि 'फ्रीडम हाउस' बंद झाले. त्यातील माणसांना नव्या सेवेत घेतले खरे, परंतु कमी अनुभवी माणसांच्या हाताखाली दिले. परीक्षा आणि नियम यांच्या चाळणीतून बरेचजण गळून गेले. जॉन मून यांच्यासारखे थोडेच टिकले. पूर्वी रुग्णालयातील साधे मदतनीस असलेले मून पुढे पिट्सबर्गच्या सेवेचे उपप्रमुख झाले. बाकीच्यांचे ज्ञान त्यांच्याबरोबर घरी गेले. घराणे स्थापन होत होते, पण गादीवर बसण्यापूर्वीच त्याला उठविले गेले. श्रोतेहो, एखाद्या व्यवसायाची याहून मोठी हानी मला दिसत नाही.

पुढे तेथील कॉलेजांनी यातून काही बोध घेतला. आज अमेरिकेतील अशा मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाला वैद्यकीय संचालक म्हणून डॉक्टर असावाच लागतो आणि अभ्यासक्रमाचा प्रमुख किमान पदवीधर असावा लागतो. २०१३ पासून तेथील राष्ट्रीय नोंदणीच्या परीक्षेस बसणाऱ्या नव्या पॅरामेडिकाने मान्यताप्राप्त अभ्यासक्रमच पुरा केलेला असला पाहिजे, असा दंडक आहे. शिकविणाऱ्यांत मात्र सर्व जातींची माणसे दिसतात. कोणी वीस वर्षे रस्त्यावर काढून आलेला पॅरामेडिक, कोणी अतिदक्षता विभागातील परिचारिका, तर कोणी बंबावरची चोवीस तासांची पाळी संपवून तसाच वर्गात आलेला अर्धवेळ शिक्षक. इंग्लंडमध्येही पूर्वी रुग्णवाहिका-सेवेच्या स्वतःच्या शाळा असत. तेथे आता शिक्षण विद्यापीठांत गेले आहे. २०२१ पासून या शिक्षणाची किमान पातळी पदवी अशी ठरली आहे. त्यामुळे रस्त्यावरच्या माणसाला प्राध्यापक व्हावे लागत आहे.

यांपैकी उत्तम शिक्षक कोण? प्रत्येकाचे एक बळ आहे आणि एक उणीवही आहे. डॉक्टर कारण सांगतो. परंतु प्रकाश, टेबल आणि मदतनीस हाताशी आहेत असे त्याचे मन नकळत गृहीत धरते. परिचारिका काळजी शिकविते; परंतु डॉक्टरला विचारल्यावाचून निर्णय घेण्याची वेळ तिच्यावर रुग्णालयात क्वचितच आलेली असते. रस्त्यावर मुरलेला माणूस प्रसंग जिवंत करतो. परंतु "आम्ही असेच करीत आलो" या वाक्यात त्याचे शास्त्र कधी कधी गोठून जाते. आणि उत्तम काम करणारा उत्तम शिकवितोच असेही नाही. पोहणारा मासा पोहण्याचा वर्ग चालवू शकेल काय? म्हणूनच अमेरिकन सरकारच्या वाहतूक सुरक्षा खात्याने २००२ साली या शिक्षकांच्या शिक्षणासाठी स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. धडा कसा आखावा, चूक कशी सुधारावी, परीक्षा कशी घ्यावी, हीही एक विद्याच आहे असे तिने मानले.

हे सारे परदेशातले झाले. परंतु आपल्याला ते परके नाही. २००५ साली हैदराबाद येथे १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली. पुढे ती गुजरातेत २००७ मध्ये, गोव्यात २००८ मध्ये आणि महाराष्ट्रात २०१४ मध्ये आली. हैदराबादच्या संस्थेत २००७ पासून अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या वैद्यकीय शिक्षकांच्या साह्याने पॅरामेडिकांचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम चालला. म्हणजे आपल्याकडेही पहिले गुरू बाहेरून आले, आणि त्यात गैर काही नाही. २०२१ साली संसदेने संबद्ध आरोग्य व्यवसायांचा कायदा केला, त्याच्या परिशिष्टात या व्यवसायाचेही नाव आले. त्यामुळे त्याला प्रतिष्ठेचे दार उघडले आहे.

माझी चिंता त्या दारातून आत कोण जाणार याची आहे. इंदूरला, बेळगावला, वडोदऱ्याला आज जो तरुण १०८ च्या गाडीवर रात्रपाळी करीत आहे, त्याने दहा वर्षांत शेकडो बाळंतिणी, अपघात आणि सर्पदंश पाहिलेले असतील. कोणत्या गावच्या वाटेवर पावसाळ्यात गाडी रुतते आणि तेथून रोगी खांद्यावर कसा आणावयाचा, हे कोणत्याही परदेशी पुस्तकात नाही. ते त्याच्यापाशी आहे. उद्या महाविद्यालय निघेल तेव्हा केवळ पदवी नाही म्हणून त्याला फाटकाबाहेर ठेवले, तर पिट्सबर्गची चूक आपण पुन्हा करू. आणि पदवीची काय गरज, असे म्हणून त्याला तसाच वर्गात उभा केला, तरी विद्यार्थ्यांवर अन्यायच होईल. त्याला नोकरी सांभाळून पुढे शिकता यावे, शिकविण्याची विद्या मिळावी आणि मग डॉक्टर व परिचारिका यांच्या बरोबरीने फळ्यापुढे उभे राहता यावे, अशी वाट बांधली पाहिजे. ती वाट बांधणे हे विद्यापीठांचे आणि सरकारचे काम आहे. पण ती मागणे हे आपले काम आहे.

कारण शेवटी प्रश्न आपलाच आहे. एखाद्या रात्री आपल्या दारात ती गाडी उभी राहील आणि एक अनोळखी तरुण आपल्या माणसाच्या छातीवर हात ठेवील. त्या क्षणी त्याला "आपण कोणाचे शिष्य?" असे विचारण्यास आपल्याला सवड नसेल. ते आजच, सवडीने विचारलेले बरे.