श्वासाची वाट

माझ्या सासूबाईंनी जन्मात विडी ओढली नाही. तरी त्यांची फुप्फुसे विडी ओढणाऱ्यासारखी झाली आहेत, असे डॉक्टर म्हणाले. कारण चूल! चाळीस वर्षे त्या फुंकणी घेऊन बसल्या.

छातीच्या तळाशी श्वासपटल नावाचा स्नायू आहे. तो आकसून खाली सरकला, बरगड्या वर उचलल्या, की छातीत जागा होते व हवा आपोआप आत येते. फुप्फुसे स्वतः काही ओढीत नाहीत, हे मला पन्नाशीत कळले! दर खेपेस सुमारे अर्धा लिटर हवा श्वासनलिकेच्या फांद्याफांद्यांतून कोट्यवधी वायुकोशांकडे जाते. त्यांच्या भिंती इतक्या पातळ, की प्राणवायू पलीकडच्या रक्तात उतरतो नि कर्बवायू बाहेर येतो. नळ्यांच्या अस्तरावर बारीक केस असतात. ते धूळ वर ढकलतात. धुराने ते केसच निकामी होतात. मग वायुकोशांच्या भिंती झिजतात, आणि झिजलेल्या पुन्हा येत नाहीत.

२०१७ साली आमच्याकडे गॅस आला. सासूबाई देवळाच्या पायऱ्या चढताना अजून दोनदा बसतात. सिलिंडर महाग म्हणून अंघोळीच्या पाण्याला घरातच चूल पेटवणाऱ्या आपल्यांत आहेत, मीही त्यांतलीच. गेल्या दिवाळीला मी ती अंगणात नेली.