रामशेज कोणी राखला?



किल्ल्यांविषयी बोलण्याचा अधिकार इतिहासाच्या पंडितांचा; आम्ही पडलो संघटनेची माणसे. परंतु साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी सातपूर-अंबडच्या कामगारांना घेऊन आम्ही रामशेजवर जातो. तेथे त्यांना जे दाखवतो, तेवढेच आज सांगणार आहोत.

पेठ रस्त्याने निघाले की चौदा-पंधरा किलोमीटरवर आशेवाडी लागते. गावातून वाट चढते आणि तासाभरात माणूस गडावर पोचतो. ना भोवती घनदाट अरण्य, ना फार मोठी उंची. समोर भोरगड, खाली दिंडोरीकडचे द्राक्षांचे मळे. असला हा किल्ला घ्यायला कितीसा वेळ, असे औरंगजेबाच्या सरदारांना वाटले असेल. १६८२ मध्ये शहाबुद्दीन खानाने वेढा घातला. त्याला यश आले नाही, मग बहादूरखान कोकलताश आला. लाकडी दमदमा उभारून वर तोफा चढवल्या. तरी पाच वर्षांवर किल्ला झुंजत राहिला.

गडावर लोखंडी तोफा नव्हत्या. लाकडाच्या केल्या आणि वरून कातडे मढवले. हे मोगलांच्याच बाजूच्या खाफीखानाने लिहून ठेवले आहे. आम्ही कामगारांना विचारतो, ते लाकूड कोणी तासले? कातडे कोणी कमावले? माथ्यावरची टाकी कातळात कोणी खोदली? त्या पाण्यावाचून एक उन्हाळासुद्धा निभला नसता. सुतार, चांभार, पाथरवट यांची नावे बखरीत येत नाहीत. छिन्नीचे घाव मात्र आहेत.

आणि किल्ला पडला तो तोफेने नव्हे. १६८७ च्या सुमारास किल्लेदाराला पैसे चारून मोगलांनी तो घेतला. शेकडोंनी उपाशीतापाशी राखलेले एका माणसाने एका सौद्यात दिले! संपाच्या वाटाघाटी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना याचा अर्थ फोडून सांगावा लागत नाही. ज्यांनी पहारा केला, त्यांना विचारल्यावाचून किल्ल्या कोणाच्या हाती देऊ नयेत.

२०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यांत आपल्या जिल्ह्यातला साल्हेर आहे, रामशेज नाही. तेव्हा त्याची राखण आपल्यावरच आली. टाक्यांत घाण टाकू नका, आशेवाडीत भाकरी खाल तिचे मोल द्या, आणि मुलांना वर न्याल तेव्हा दरवाजाच्या आधी टाकी दाखवा.