सहाचे साठ झाले, पण पैसे किती?

आज तळेगाव ढमढेऱ्यातून बोलतोय, मागून ट्रॅक्टरचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

१६ जून २०२५, सोमवार. सकाळी साडेनऊला चुलत भावाचा फोन. "दादा, बुडालो!" हा रांजणगावच्या एमआयडीसीत नोकरीला. २०२४ च्या एप्रिलमध्ये त्याने बजाज फायनान्सचे ६ शेअर घेतले, सात हजारांच्या आसपास, म्हणजे ४२,००० गुंतवले. शुक्रवारी भाव ९,३०० च्या वर होता. सोमवारी ॲपवर साधारण ९४०, आणि लाल अक्षरांत उणे नव्वद टक्के. म्हटलं, काही विकू नकोस, आधी चहा घे.

झालं होतं असं. पुण्याच्या या कंपनीने २ रुपये दर्शनी मूल्याचा शेअर फोडून १ रुपयाचा केला. एकाचे दोन झाले. हा स्प्लिट. त्याच दिवशी प्रत्येक शेअरमागे चार बोनस. दोन आणि आठ, दहा. म्हणून भाव एकदशांश झाला. नवे शेअर डीमॅटला दिसायला थोडा वेळ लागतो, तेवढ्यात माणसाचं पाणी पाणी होतं.

एका एकराचे चाळीस गुंठे पाडले म्हणून रान वाढत नाही. आता गुंठ्याने विकलं की भाव चढतो, हे इथल्या लोकांना मी काय सांगणार! शेअरचंही थोडं तसंच. नऊ हजार नसणारा नऊशेला घेऊ शकतो, गिऱ्हाईक वाढतं. पण कंपनीचा नफा तेवढाच राहतो. आणि "नऊशेला आलाय, स्वस्त झाला" हे तर साफ चूक. एमआरएफने शेअर कधीच फोडला नाही, एकाचा भाव लाखाच्या वर गेला. महाग की स्वस्त हे नफ्याशी ताडून बघायचं.

खरी गोम करात आहे, आणि ती फारसं कोणी सांगत नाही. स्प्लिटच्या शेअरला जुनीच खरेदीची तारीख लागते, किंमत तेवढी विभागली जाते. बोनसची खरेदी किंमत शून्य धरतात आणि तारीख नवी.

भावाचा हिशोब बघा. ६ चे १२ झाले, प्रत्येकी ३,५०० चे. वर ४८ बोनस, फुकटचे. ९४० ने सगळे लगेच विकले असते तर हातात ५६,४००, म्हणजे खरा फायदा १४,४००. कागदावर मात्र १२ शेअरवर ३०,७२० दीर्घकालीन तोटा आणि बोनसवर ४५,१२० अल्पकालीन नफा. दीर्घकालीन तोटा अल्पकालीन नफ्यातून वजा होत नाही! नफ्यावर २० टक्के, म्हणजे नऊ हजारांच्या वर कर. चौदातले नऊ गेले.

बोनसला वर्ष झालं की सगळेच शेअर दीर्घकालीन. मग नफा-तोटा एकमेकांत वळता होतो, आणि वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या अशा नफ्यावर करच नाही. म्हणून भाऊ जून २०२६ उलटायची वाट बघतोय. ॲप मात्र फोनवरून काढून टाकलंय, म्हणे रात्री झोप येत नव्हती.