ट्रेलर पाहिला, पण पोरांना न्यायचं का?



भाजी निवडता निवडता मोबाइल हातात घेतला की हल्ली कुठल्या ना कुठल्या सिनेमाचा ट्रेलर समोर येतोच. गाणं वाजतं, कुणीतरी हसवतं, कुणीतरी रडतं, आणि खाली तारीख झळकते. मग आमच्या बचत गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप पडतो, "रविवारी जायचं का गं?" आम्ही पंधरा जणी त्या अडीच मिनिटांवरून ठरवून टाकतो.

ठरवणं तसं सोपं, पण खर्च छोटा नसतो. तालुक्याच्या गावी जायचं म्हणजे वडापचं भाडं, तिकिटं, पोरांचं खाणं आणि घरातलं सगळं उरकून काढलेला एक अख्खा रविवार. आमच्यातल्या काही जणी वर्षातून एकदाच थिएटरची पायरी चढतात. ती एक वेळ चुकली की हळहळ लागते. म्हणून आज बोलायचं आहे ते या ट्रेलरबद्दल.

आमचीच एक गोष्ट सांगतो. 2016 च्या उन्हाळ्यात 'सैराट' आला. एप्रिलच्या 29 तारखेला तो लागला, पण त्याआधीच अजय-अतुल यांची गाणी वरातीत, बारशात, सगळीकडे वाजत होती. विहीर, शेत, कॉलेज, दोन कोवळी पोरं. आम्हाला वाटलं, गोड प्रेमाचा सिनेमा आहे, सुट्ट्याही आहेत, पोरांना घेऊन जाऊ. निघालो. 'झिंगाट' लागल्यावर पोरं खुर्च्या सोडून नाचली, आम्हीही टाळ्या वाजवल्या.

आणि मग शेवट आला. ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत आहे. थिएटरात चिडीचूप. परतताना वडापमध्ये कुणी कुणाशी बोलेना. तेवढ्यात सहा वर्षांच्या एका पोराने आईला विचारलं, "ते बाळ आता कुणाकडं राहणार?" आईने त्याला नुसतं जवळ घेतलं. पुढे कितीतरी रात्री तो दचकून उठायचा.

आमच्यात यावर पुष्कळ वाद झाला. एक जण म्हणाली, "आधी कळायला पाहिजे होतं, फसवलं आपल्याला." गटातल्या वयस्कर काकू म्हणाल्या, "शेवट आधी कळला असता तर तू आली असतीस का? आणि बघायला तर आपल्यालाच पाहिजे होता हा सिनेमा. आपल्याच गावात पोरीने जातीबाहेर लग्न केलं की काय होतं, ते आपण बघतोच की. पोरांना न्यायला नको होतं, एवढंच."

काकूंचं बोलणं आम्हाला पटलं. शेवट लपवला हे बरोबरच होतं. चूक आमची होती. गाणी ऐकून आम्ही दोन गोष्टी एकदम ठरवल्या होत्या. सिनेमा कसा आहे, हेही ठरवलं, आणि कुणाला न्यायचं, हेही.

ट्रेलर बनतो कसा, ते जरा बघू. दोन-अडीच तासांच्या सिनेमातून दोन-अडीच मिनिटं काढायची. हे काम पुष्कळदा वेगळे लोक करतात, आणि कधी कधी सिनेमा पुरता तयार व्हायच्या आधी करतात. प्रश्न एका प्रसंगातला, उत्तर दुसऱ्याच प्रसंगातलं, असे तुकडे जोडता येतात. मागे वाजणारं संगीतही त्याच सिनेमातलं असेल असं नाही. यात लबाडीच असते असं नाही. ती जाहिरात आहे. साडीच्या दुकानात बाहेरच्या पुतळ्याला नेसवलेली साडी जशी, तसंच हे. आत गेल्यावर घडी उलगडून बघावी लागते. इथे मात्र घडी उलगडते ती तिकीट काढल्यावर.

मग जाहिरातीत दाखवलं ते आत नसलं, तर दाद मागता येते का? याच मुद्द्यावर आपल्या मराठवाड्यातल्या एका शिक्षिका थेट ग्राहक मंचात गेल्या होत्या. वर्षही तेच, 2016. शाहरुख खानच्या 'फॅन'ची जाहिरात एका गाण्यावर चालली होती. त्या औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, घरच्यांना घेऊन सिनेमाला गेल्या, आणि पडद्यावर ते गाणंच नव्हतं. जिल्हा मंचाने तक्रार फेटाळली. त्या राज्य आयोगाकडे गेल्या. तिथे दहा हजार रुपये भरपाई आणि पाच हजार खर्च द्यावा, असा निकाल लागला. राष्ट्रीय आयोगानेही तो कायम ठेवला. निर्माती कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि 22 एप्रिल 2024 ला न्यायालयाने तो निकाल रद्द केला. ट्रेलर म्हणजे वचन नव्हे, असं न्यायालयाने सांगितलं. तो लोकांना तिकीट घ्यायला उद्युक्त करण्यासाठी असतो, आणि तिकिटाचा व्यवहार त्याहून वेगळा.

निकाल बाईंच्या विरोधात गेला, तरी आम्हाला त्यांचं कौतुक वाटतं. एका गाण्यासाठी आठ वर्षं कोर्टात उभं राहणं सोपं नाही. त्यांच्यामुळे आपल्याला एक गोष्ट स्वच्छ कळली. ट्रेलर हे वचन नसेल, तर पारखायचं काम आपल्यालाच करायला हवं.

उलटी चूकही होते. ट्रेलर फिका वाटला म्हणून आपण चांगला सिनेमा सोडून देतो. 2004 चा 'श्वास' आठवा. कोकणातले आजोबा नातवाला डोळे दाखवायला शहरात आणतात. कर्करोग निघतो, जीव वाचवायला डोळे काढावे लागणार असतात. ऑपरेशनच्या आधी आजोबा त्याला बाहेर घेऊन जातात, जग डोळे भरून बघून घे म्हणून. आता याचं दोन मिनिटांत काय दाखवणार? आम्ही तर म्हटलं असतं, "दवाखान्याचा रडका सिनेमा, नको." त्याच सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि भारतातर्फे तो ऑस्करसाठी पाठवला गेला.

म्हणून आम्ही आता तीन गोष्टी करतो.

पहिली, ट्रेलर एकदा आवाज बंद करून बघतो. संगीत गेलं की निम्मी भुरळ उतरते. मारामारी किती, रक्त किती, बाई फक्त नाचायला आहे की तिला काही काम आहे, हे दिसायला लागतं.

दुसरी, पूर्ण सिनेमाचं प्रमाणपत्र बघतो. ट्रेलरचं प्रमाणपत्र वेगळं असतं, त्यावर जाऊ नका. 'यू' म्हणजे सगळ्यांसाठी, 'ए' म्हणजे फक्त मोठ्यांसाठी. मधल्या 'यूए'चे आता तीन भाग झालेत, 7, 13 आणि 16 वर्षांचे. त्याहून लहान पोराला न्यायचं की नाही, ते आईबापांनी विचार करून ठरवायचं असतं. तिकीट काढताना हे अक्षर दिसतं. नाही दिसलं तर खिडकीवर विचारा, लाजू नका.

तिसरी, पहिल्या रविवारी जात नाही. ट्रेलरचा सगळा जोर पहिल्या तीन दिवसांची गर्दी खेचण्यावर असतो. आठवडाभर थांबलं की पाहून आलेली कुणीतरी आपली भेटते. तिला "कसा आहे?" असं विचारायचं नाही. "शेवट सांगू नकोस, पण माझ्या पोराला आणू का? सासूबाईंना आणू का?" असं विचारायचं.

2023 साली 'बाईपण भारी देवा' आला, तेव्हा हेच केलं. सहा बहिणी आणि मंगळागौरीची स्पर्धा, एवढं आधीच कळलं होतं. काही जणी म्हणाल्या, "गोष्ट तर कळली, आता बघायचं काय?" पण आधी जाऊन आलेली एक मावशी म्हणाली, "बहिणीला घेऊन जा. अबोला असेल तर नक्की घेऊन जा." आमच्यातली एक जण खरंच धाकट्या बहिणीला घेऊन आली. दोघी वाटणीवरून तीन वर्षं बोलत नव्हत्या. सिनेमा संपल्यावर वाटणीचं काही मिटलं नाही. पण परतताना दोघी एकाच सीटवर बसल्या.

ते सैराटच्या वेळचं पोरगं आता दहावी पार करून पुढे गेलंय. परवा आईला म्हणालं, "तो सिनेमा परत बघायचाय, आता मला कळेल." आई त्याच्याबरोबर बसणार आहे.

तुमच्याकडेही अशी फसगत झाली असेल, किंवा न ठरवता गेलेला सिनेमा मनात राहिला असेल. पुढच्या वेळी येऊन सांगा, माइक तुमचाच आहे.