टी.बी.च्या गोळ्या मधेच का सुटतात?



क्षयरोग, म्हणजे आपण ज्याला टी.बी. म्हणतो, तो औषधानं बरा होतो हे आता गावोगाव ठाऊक आहे. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं. तरीसुद्धा गोळ्या मधेच सोडणारे भेटतात. त्यांना अडाणी, बेफिकीर म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते पटत नाही. जवळ बसून विचारलं तर प्रत्येकापाशी कारण असतं, आणि बहुतेक वेळा ते खरं असतं.

साध्या टी.बी.ला सहा महिने औषध लागतं. पहिले दोन महिने चार औषधं, पुढं तीन. महिना-दीड महिन्यात ताप जातो, खोकला उतरतो, भूक लागते. आणि माणूस फसतो तो इथंच! आजारात गोळी गिळणं एक वेळ सोपं. अंगात ताकद आलेली असताना रोज मळमळ कोण सोसणार?

हराळी वरवर खुरपली की रान आठ दिवस कसं स्वच्छ दिसतं! पण काशा जमिनीतच राहिलेल्या असतात. तसंच हे आहे. बरेचसे जंतू सुरुवातीलाच मरतात, राहिलेले दबा धरून बसतात. औषध कधी घेतलं, कधी सोडलं, की त्यांतले चिवट जंतू औषधाला दाद देईनासे होतात. कापसावरच्या बोंडअळीचा अनुभव आपल्याला आहेच. मग वेगळी, जास्त त्रासाची औषधं लागतात, काहींना तर दीड वर्षाच्या वर. आणि घरात दुसऱ्याला लागण झाली तर ती याच चिवट जंतूंची.

आता ऊसतोडीचं पाहा. बीडकडचा एखादा गडी श्रावणात औषध सुरू करतो. दसरा-दिवाळीपर्यंत त्याला चांगलं वाटू लागतं, आणि नेमकी तेव्हाच टोळी निघते. मुकादमाची उचल घेऊन ती खर्चूनही झालेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक मागं राहिला तर कोयताच मोडला. अशा माणसाला "गोळ्या संपेपर्यंत घरी थांब" असं सांगून काय उपयोग? तो जाणारच. तेव्हा गोळ्याही त्याच्याबरोबर गेल्या पाहिजेत.

त्यासाठी निघण्याच्या आठवडाभर आधी दवाखान्यात किंवा आशाताईंना सांगा. रुग्णाची नोंद 'निक्षय' या सरकारी यंत्रणेत असते. ती साखर कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्याकडं पाठवता येते, आणि पुढचं औषध तिथं मिळतं. कर्नाटकात गेलात तरीही.

दुसरं कारण भीतीचं. या गोळ्यांनी लघवी तांबडी-नारिंगी होते. आधी कुणी सांगितलेलं नसलं की माणूस घाबरून औषध टाकून देतो. तो औषधाचा रंग आहे, रक्त नव्हे. पण डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात किंवा नजर अंधूक वाटू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडं जा. दारू मात्र बंदच हवी. दारू आणि या गोळ्या मिळून यकृत बिघडवतात.

सुना-लेकींचं दुखणं वेगळंच. सासरी कळलं तर माहेरी धाडतील म्हणून कितीतरी जणी गोळ्या पिठाच्या डब्यात लपवतात. घरच्या वडीलधाऱ्यांनो, टी.बी. ताट-वाटीतून पसरत नाही. औषध नीट लागू पडत असलं तर काही आठवड्यांतच दुसऱ्याला लागण होण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. तिला वेगळं काढू नका. रोज गोळीच्या वेळी पाण्याचा तांब्या तुम्हीच तिच्या हातात द्या.

उपचार चालू असताना खुराकासाठी सरकारकडून पैसे बँकेत जमा होतात. 2018 साली महिना 500 रुपये होते, नोव्हेंबर 2024 पासून 1,000 झाले. खातं नसेल तर आधी उघडून घ्या.

आणि तोडीवर जाणाऱ्यांनो, गोळ्या आणि दवाखान्याचं कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कोपीत उंच टांगा. खाली ओल लागते, शिवाय पोरांच्या हाती लागण्याची भीती.