हंगामात नसलेली मुलं



लेझीमवाल्या पोरांनी आज मंडप दणाणून सोडला! पण आपली शाळेची स्नेहसंमेलनं येतात ऐन हिवाळ्यात, आणि ऊसतोडीचा हंगामही तेव्हाच भरात असतो. त्यामुळे आपल्या परभणीतल्या, शेजारच्या बीडमधल्या कितीतरी मुलांच्या वाट्याला संमेलन येतच नाही. दसरा-दिवाळी झाली, की मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेले आईबाप निघतात. सांगली, कोल्हापूर, काही तर पार कर्नाटकात, बेळगाव-बागलकोटकडे. तिथे पाट्या कानडी, शाळाही बहुतेक कानडी. तिसरीतल्या पोराला तो परदेशच की!

नवरा-बायको मिळून एक कोयता. अंधारातच ते फडात जातात आणि कोपीवर, म्हणजे पालाच्या झोपडीत, उरते आठ-दहा वर्षांची ताई, धाकट्याला कडेवर घेऊन. अशा कोप्यांवर मी गेलो आहे. पोरं उसाच्या कांड्यांचे बैल करतात, पाचटाच्या ढिगावर उड्या मारतात. पाहुणा दिसला की ऊस सोलून त्याच्या हातात देतात; द्यायला दुसरं काही नसतंच. त्यांचं हसू अगदी खरं असतं.

नेमके इथेच आमच्यासारखे पाहुणे घसरतात. ‘गरीब असून किती आनंदी! यांच्याकडून कृतज्ञता शिकावी!’ म्हणतात, फोटो काढतात, गाडीत बसतात. मला याचा राग येतो. ती हसतात, कारण ती मुलं आहेत. त्यावरून गरिबीला बरं म्हणायचं कारण नाही. आणि कृतज्ञता त्यांनी का शिकवावी आपल्याला? रोजच्या चहातली साखर त्यांच्या आईबापांच्या कोयत्यातून आलेली आहे. आभार मानायचेच, तर ते आपण मानायचे.

उपाय झाले नाहीत असं नाही. कारखान्यांजवळ साखरशाळा निघाल्या. मुलांना गावातच थांबता यावं म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आली. 6 ते 14 वयाच्या प्रत्येक मुलाला 2010 पासून कायद्यानं शिक्षणाचा हक्क आहे. तरी घरी सांभाळायला आजी नसली, की मुलगी गाडीत चढतेच. धाकट्याला कोण बघणार?

गुढीपाडव्याच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या परततील. गुरुजी, तोवर त्या मुलांची नावं पटावरून काढू नका. मुलांनो, तुमच्या वह्या जपून ठेवा. ती आली की शेजारी बसवून राहिलेलं गणित समजावून सांगा. आणि शाळा व्यवस्थापन समितीला माझी हात जोडून विनंती आहे: पुढच्या दसऱ्याआधीच घरोघरी जा आणि हंगामी वसतिगृहासाठी नावं घ्या, मुलींची आधी.